सुळगा कुठला, हिंडलग्याचा की येळ्ळूरचा?

बेळगाव तालुक्यात सुळगा नावाची गावं दोन. एक वेंगुर्ला रस्त्यावर, हिंडलग्याच्या पुढे. दुसरं येळ्ळूरच्या बाजूला. समोर माणूस असला की ‘कुठलं सुळगं?’ एवढं विचारून भागतं. पार्सलवाल्याचा फोन मात्र जो ठिपका पहिला सापडेल तिकडे गाडी वळवतो. कंग्राळीचंही तेच. केएच की बीके, हे लिहायचं राहिलं की खुर्दचा माल बुद्रुकला जाऊन उभा राहतो.

हा घोळ नकाशातच आपण मिटवू शकतो. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकच भरत आलेत. त्यातला डेटा श्रेय देऊन कुणालाही वापरता येतो. ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड ही ॲप त्यावरच चालतात. मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनही तो वापरतात. गिऱ्हाईक गूगलवर शोधतं, त्यामुळे दुकानदारानं तिथली नोंद आपल्या ताब्यात घ्यावीच. पण तिथं घातलेले फुकटचे कष्ट कंपनीच्या खात्यात जमा होतात, हे ध्यानात असू द्या. आणि एक काम चुकूनही करू नका: गूगलवर बघून इकडे उतरवणं. परवान्यात बसत नाही. लक्षात आलं की त्या नोंदी उडवल्या जातात, सोबत तुमची मेहनतही.

आपल्या भागात खरा घोळ नावांचा. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, हा कायदा २०२४ चा. घरात आणि बाजारात आपण बेळगावच म्हणतो. मग नकाशात काय लिहायचं? मुख्य नाव काढून तिथं मराठी घालायचं नाही. एकानं घालायचं, दुसऱ्यानं पुसायचं, असं सुरू झालं की प्रकरण डेटा वर्किंग ग्रुपकडे, म्हणजे या नकाशातले वाद निस्तरणाऱ्या गटाकडे जातं आणि हट्ट धरणाऱ्याचं खातं काही दिवस बंद होऊ शकतं. आपलं मराठी नाव लिहायला वेगळी जागा आहे. ब्राउझरमधल्या आयडी एडिटरमध्ये नावाच्या रकान्याशेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, भाषा मराठी निवडा, नाव लिहा. आत त्याची नोंद ‘नेम:एमआर’ अशी होते, कन्नडची ‘नेम:केएन’. फोनची भाषा मराठी असेल तर बहुतेक ॲप हेच नाव दाखवतात. दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात, भांडायला कारणच उरत नाही.

लिहिताना ‘ळ’ सांभाळा. फोनचा कीबोर्ड हिंदीवर असला तर बेळगावचं बेलगाव होतं, येळ्ळूरचं येल्लूर. मग ‘येळ्ळूर’ शोधणाऱ्याला गावच सापडत नाही. कीबोर्ड मराठीवर आणा. लोक दोन प्रकारे लिहीत असतील, जसं येळ्ळूर आणि येळूर, तर दुसरं रूप ‘ऑल्ट_नेम:एमआर’ (alt_name:mr) या पर्यायी नावाच्या रकान्यात टाका. दोन्ही एकाच रकान्यात तिरपी रेघ मारून कोंबू नका.

आता गल्लीचं काम. खडे बाजारसारख्या दाटीत जीपीएसवर विश्वास ठेवू नये. मोकळ्या रानात फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच भिंतींमध्ये सिग्नल आपटून येतो आणि निळा ठिपका समोरच्या रांगेत, कधी मागच्या गल्लीत जाऊन बसतो. त्या ठिपक्यावर दुकान टेकवलं की गिऱ्हाईक मागच्या दारी. आधी गल्लीची एक बाजू, मग दुसरी, अशा क्रमानं पाट्यांचे फोटो काढावेत. घरी बसून उपग्रहचित्रावर कोपऱ्यापासून छपरं मोजत दुकान बसवावं. चित्रही कधी काही मीटर सरकलेलं असतं. चौकात दोन-तीन जीपीएस रेषा, म्हणजे चालताना फोननं नोंदवलेल्या वाटा, त्याच्याशी जुळतात का ते आधी पाहून चित्र सरकवून घ्यायचं.

कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या मिठाईचं दुकान बऱ्याचदा बेकरी म्हणून लावलेलं आढळतं. ते ‘शॉप=कन्फेक्शनरी’ या मिठाईच्या प्रकारात जातं. दुपारी बंद असेल तर वेळ दोन तुकड्यांत लिहा: १० ते १:३०, ४ ते ८:३०. ‘१० ते ८:३०’ वाचून दुपारी आलेलं गिऱ्हाईक बंद शटर बघून परत जातं. पत्त्यात सीटीएस नंबर घर नंबराच्या जागी टाकू नका, तो जमिनीच्या नोंदीचा आकडा, दारावरचा नव्हे. पिनकोड त्या भागाचाच बघा: शहापूर ५९०००३, टिळकवाडी ५९०००६. सगळ्यांना ५९०००१ चिकटवायची सवय वाईट.

पावसाळ्यात वेगळी चूक होते. निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा चढल्या की सखल पूल आणि बंधाऱ्यावरचे रस्ते पाण्याखाली जातात. उत्साही माणूस लगेच नकाशात रस्ता बंद करतो. पण ऑफलाइन ॲप नकाशा अधूनमधूनच नवा आणतात. तुमची बंदी लोकांपर्यंत पोचते तोवर पाणी ओसरलेलं असतं, आणि ती काढायची राहिली की जानेवारीतही गाडी दहा किलोमीटरचा वळसा घेते. अशा पुलाला ‘फ्लड_प्रोन=येस’, म्हणजे इथं पूर येतो अशी खूण लावून ठेवा. आज पाणी आहे की नाही हे सांगायला गावचा व्हॉट्सॲप ग्रुप बरा. खानापूर-जांबोटीच्या जंगलात चित्रातून पायवाट दिसतच नाही, झाडी आडवी येते. तिथं चालत जाऊन जीपीएसची रेषा घ्यावीच लागते.

बदल साठवताना टिप्पणीत ‘दुरुस्ती’ एवढंच लिहू नये. ‘सुळगा (हिंडलगा): मराठी नाव, गावातली पाटी बघून’ असं लिहिलं की तपासणाऱ्याला विचारायची गरज पडत नाही. संकेतस्थळावर बदल काही मिनिटांत दिसतो. ॲपमध्ये दिसला नाही म्हणून तेच दुकान पुन्हा टाकलं जातं, आणि महिन्याभरानं एकाच छपरावर तीन दुकानं उभी असतात. आधी ॲपमधला नकाशा ताजा करून बघा.