सील नवं, तरी शॉकअपमधून तेल गळतंय?

रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांतून किंवा पालकडून वर सातपुड्यात जुनी आरएक्स १०० किंवा येझदी मोटरसायकल पळवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: पुढच्या शॉकअपचं सील बदललं, आणि महिन्याभरात शॉकअपचा क्रोमचा पाइप पुन्हा तेलकट. बहुतेक वेळा दोष सीलचा नसतो, पाइपाचा असतो. आपला काळा गारा पाइपाला चिकटतो आणि उन्हात विटेसारखा कडक होतो. खड्डा आला की पाइप आत जातो आणि ती कडक खपली सीलची लिप, म्हणजे पाइपाला टेकणारी रबरी कड, खरवडते. गाऱ्याखाली ओल राहते, क्रोमला टोचे पडतात ते वेगळंच.

म्हणून खोलताना आधी पाइप बघा. शॉकअप टीमध्ये (हँडलखाली दोन्ही शॉकअप धरणारी वरची-खालची पकड) असतानाच वरच्या टीचा बोल्ट सैल करून पाइपाचं वरचं झाकण थोडं ढिलं करा. खालच्या टीची पकड असेपर्यंतच ते सहज सुटतं. बॉटमच्या (पाइप ज्यात आत-बाहेर होतो ती खालची नळी) तळाचा अॅलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा. स्प्रिंग काढली की आतली दांडी बोल्टाबरोबर फिरत बसते.

पाइप पुसून त्यावरून नख फिरवा. सील जिथून ये-जा करतं तिथे नख अडकलं, तर कितीही महागडं सील टाका, गळणारच. असा पाइप घासून पुन्हा हार्ड क्रोम करायचा, नाहीतर बदलायचा. टोचे त्या पट्ट्याच्या वर, टीजवळ असतील तर अॅराल्डाइट भरून बारीक पॉलिश पेपरने सपाट केलं तरी चालतं. मग पाइप जाड काचेवर लोळवा. खालून उजेड दिसला तर लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) पाइप फिरवून डायल गेजने वाक मोजून घ्या. ०.२ मिमीपेक्षा जास्त वाक सोडून देऊ नये. सुरकुती पडलेला पाइप तर सरळ करायचाच नाही, तो त्याच जागी पुन्हा मोडतो.

जुनं सील काढताना बॉटमवर उकळतं पाणी ओता, अॅल्युमिनियम फुगतं आणि सील सुटतं. पान्याखाली कापड धरा. सीलच्या बैठकीवर ओरखडा पडला की बाहेरच्या कडेनेही तेल झिरपतं. नवं सील चढवताना पाइपाच्या तोंडावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढा, म्हणजे धारेने लिप कापली जात नाही. सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू तेलाकडे. वर जुनं सील ठेवून मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोका. तळाच्या बोल्टाला तांब्याचा वॉशर नवाच घाला.

तेलाचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं, पण मापून ओतण्यापेक्षा पातळी जुळवणं बरं. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण आत, दहा-पंधरा वेळा पंप करून हवा काढायची, मग पट्टीने वरच्या तोंडापासून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवायचं. तेल जास्त झालं की आतली हवा कोंडते आणि सील बाहेर ढकललं जातं. इंजिन ऑइल ओतू नका, त्याला फेस येतो. फोर्क ऑइलच घ्या. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तेल पातळ होतं, तेव्हा १० नंबरच्या जागी जास्त घट्ट १५ नंबर टाकून बघायला हरकत नाही.

दुसऱ्या गाडीचा जाड शॉकअप बसवायचा असेल तर सगळे आधी स्टेमची (टीचा फ्रेममध्ये बसणारा दांडा) लांबी आणि कोनसेट (त्यावरचे बेअरिंग) बघतात. त्याहून जिवाची गोष्ट म्हणजे ड्रम ब्रेकच्या प्लेटची खाच. ती बॉटमच्या खुंटीत बसलीच पाहिजे. नाही बसली तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते, केबल ओढली जाते आणि चाक जाम होतं. तिथे वेल्डिंगचा जुगाड करू नये. स्प्रिंग न घालता शॉकअप पूर्ण दाबून चाक सायलेन्सरला किंवा फ्रेमला घासतं का, तेही बघा. नवा शॉकअप १० मिमी आखूड असेल तर स्टिअरिंगचा कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने उभा होतो, आणि वाळूत हँडल डळमळतं.

शेवटी एक्सल आवळा, गाडी चार-पाच वेळा पुढून दाबा, आणि मगच एक्सलची चिमट (बॉटमच्या टोकाला एक्सल धरणारी पकड) आवळा. उलट क्रमाने केलं तर शॉकअपचे दोन्ही पाय वाकडे अडकतात आणि सील एका बाजूने झिजतं. वर रबरी बूट चढवा, पण खालचं भोक उघडं ठेवा. मळ्यातून आल्यावर गारा ओला असतानाच पाणी मारा.