सेटअप डॉट पीवायची जुनी आज्ञा आता थांबवावी

पायथनच्या जुन्या प्रकल्पांच्या रीडमी (माहितीपर) फायलींत पॅकेज, म्हणजे वापरायला तयार कोडचा संच, बसवण्यासाठी ‘पायथन सेटअप डॉट पीवाय इन्स्टॉल’ ही आज्ञा अजूनही आढळते. ती काढून तिथे पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या व काढणाऱ्या प्रोग्रामची, आज्ञा लिहावी, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या पद्धतीत बसवलेल्या फायलींचा भरवशाचा हिशेब मागे राहत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. सेटअप डॉट पीवायमागच्या डिस्टयुटिल्स या पायथनच्या जुन्या साधनाने फायली नेऊन ठेवल्या की त्यांतील कोणती कोणत्या पॅकेजची, हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच असे पॅकेज काढायला सांगितले, तर ते अर्धवटच निघेल असे कारण देऊन पिप सरळ नकार देतो. व्हीलमधून (आधीच बिल्ड केलेल्या, म्हणजे बसवायला तयार पॅकेजच्या फाइलीतून) बसवलेल्या पॅकेजसोबत मात्र ‘रेकॉर्ड’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. ती एकदा उघडून पाहावी: बहुतेक ओळींत फाइलचा पाथ, हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आणि बाइटमधील आकार स्वल्पविराम देऊन नोंदवलेले दिसतात, आणि पॅकेज काढताना पिप याच यादीवरून फायली हटवतो.

शिवाय सेटअप डॉट पीवाय हा स्वतःच एक प्रोग्राम आहे. पॅकेज बिल्ड करायला काय लागते हे कळण्यासाठी तो चालवावा लागे, आणि तो चालण्यासाठी त्याच गोष्टी आधीपासून हजर असाव्या लागत. हा तिढा सोडवण्यासाठी 2016 मध्ये पेप 518 ने (पेप म्हणजे पायथनमधील सुधारणेचा प्रस्ताव) ती माहिती पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलीत लिहिण्याची सोय सुचवली.

बदल घाईने झाला, असेही म्हणता येणार नाही. पायथन 3.10 पासून डिस्टयुटिल्स वापरल्यास इशारा मिळत होता, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 3.12 मधून ते वगळले गेले. सी, सी++ आणि फोरट्रान अशा तीन भाषांतला कोड सांभाळणारे सायपाय (वैज्ञानिक गणनेचे पायथन पॅकेज) 2022 मध्येच मेसॉन या वेगळ्या बिल्ड साधनाकडे वळले होते.

एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत जुनी आज्ञा पेनड्राइव्हवरच्या सोर्स कोडवर निमूटपणे चालत असे. पिप मात्र बिल्डसाठी लागणारे सेटअपटूल्स हे पॅकेज नव्याने डाउनलोड करायला जातो आणि तिथेच अडतो. म्हणून जुनी ओळ काढणाऱ्याने तिच्या जागी ऑफलाइन मार्गही लिहावा: तीच ऑपरेटिंग सिस्टिम आणि तीच पायथन आवृत्ती असलेल्या, इंटरनेट जोडलेल्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने व्हील गोळा करावीत, आणि प्रयोगशाळेत ‘नो-इंडेक्स’ (इंटरनेटवर शोधू नको) व ‘फाइंड-लिंक्स’ (या फोल्डरमध्ये शोध) हे पर्याय देऊन ती बसवावीत.