ब्रेडबिन कमोडोर ६४, भाग ४: काळा पडदा गेला, पण दोष एक नव्हता

कमोडोर ६४ हा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक, ब्रेडबिन हे त्याचं पहिलं, पावाच्या डब्यासारखं रूप. माझ्याकडचा चालू केला की पडदा काळाच. मागच्या भागात आठही ४१६४ (रॅमच्या चिपा) उपटायचं ठरलं होतं. बरं झालं, राहून गेलं.

डेड टेस्ट कार्ट्रिजवर (रॅम तपासून बिघडलेल्या चिपचा आकडा लुकलुकून सांगणारं कार्ट्रिज) पडदा एकदा तीनदा लुकलुकला, पुढच्या वेळी सातदा, मग एकदाच. इथेच गोम होती. रॅमची एक चिप मेली असेल तर आकडा हटत नाही, कारण प्रत्येक आकडा ठरावीक चिपचा असतो. आकडा दर वेळी बदलतोय म्हणजे डेटा ठीक असेल, पत्ता चुकतोय. म्हणून संशय मल्टिप्लेक्सरवर, म्हणजे रॅमला पत्ता तुकड्यांत पुरवणाऱ्या चिपांवर गेला: बोर्डावरच्या यू१३ आणि यू२५ वर. दोन्हीकडे एमओएस ७७०८, म्हणजे कमोडोरच्याच एमओएस कंपनीच्या बनावटीचा ७४एलएस२५७. या मालिकेवर भरवसा ठेवू नये, हे स्पष्ट मत.

त्याआधी नेहमीची खात्री: नव्या अडॅप्टरवर ५.०२ व्होल्ट, बोर्डावरच्या रेग्युलेटरांपैकी व्हीआर१ वर १२, व्हीआर२ वर ५. मग ऑसिलोस्कोपचा प्रोब १०× वर ठेवून आउटपुट पाहिले: पिन ४, ७, ९, १२. इथे एक फसगत होते. या लाइनी व्हिक (चित्र काढणारी चिप) आणि सीपीयू वाटून घेतात, त्यामुळे मधल्या क्षणी त्या तरंगतात आणि चांगली चिपही अर्धवट पातळी दाखवते. एकच पिन पाहून निकाल देऊ नका, शेजारच्या पिनांशी ताडून बघा. यू२५ च्या बाकी तीन पिना ३ व्होल्टच्या वर जात होत्या, पिन ९ मात्र १.६ वर अडकून बसे. टीटीएलच्या (७४ मालिकेच्या लॉजिक चिपांच्या) आउटपुटचा ‘एक’ २.४ व्होल्टच्या खाली असूच नये.

चिप वाचवायची नव्हती, म्हणून पाय कापून एकेक काढला. पिन ८ ग्राउंडला जोडलेली, उष्णता लगेच पसरते. तिथे आधी ताजं शिसेवालं सोल्डर घालून मगच सोल्डर ओढणारा पंप. घाई केली की पॅड उचलतोच. सॉकेट गोल पिनांचं घातलं. स्वस्त एकपाती सॉकेट म्हणजे पुढच्या दोषाची तरतूद.

नवा २५७ बसवला आणि पडदा तरीही काळाच! पण आता लुकलुकणं सहा, आणि पाचही वेळा सहाच. हीच खरी प्रगती. सहा म्हणजे यू२२. पाठीवर चांगली चिप बसवून फरक पडला नव्हता, पण त्याचा अर्थ लावू नये: खालच्या चिपचा आउटपुट अडकलेला असेल तर वरची हरते. बोट ठेवल्यावर यू२२ शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट गरम. बदलली आणि पडद्यावर बेसिकची ओळ: ३८९११ बाइट मोकळे!

(४१६४ घेताना अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. छपाई पुसली गेली तर माल परत.)

दोन चिपा एकत्र मेल्या म्हणजे मूळ विटेवर, म्हणजे जुन्या अडॅप्टरवर संशय येणारच. त्या काळ्या डब्यातला रेग्युलेटर राळेत गाडलेला असतो, उष्णतेला वाट नसते. तो बिघडताना ५ व्होल्ट खाली न येता वर चढतात, आणि पहिला फटका रॅम आणि टीटीएलला. बिनभाराची मोजणी पुरेशी नाही, भार लावून प्लगच्या पिन ५ वर (५ व्होल्टची पिन) ५.२ च्या वर दिसलं तर जोडूच नये.

डेड टेस्ट अल्टिमॅक्स मोडमध्ये (बहुतेक रॅम झाकणारा कार्ट्रिज मोड) पहिले ४ केबीच पाहतो, आणि बेसिकची मोजणी रॉमखालच्या रॅमला शिवत नाही. म्हणून आधी पूर्ण ६४ केबीची चाचणी. पुढचा बेत सिडला (आवाजाची चिप) हीटसिंक लावायचा होता, पण हे लिहिता लिहिताच तो मागे पडला: आधी ५.५ व्होल्टला तोडणारा रिले अडॅप्टर आणि मशीनच्या मध्ये बसवायचा, आणि यू१३ मधला दुसरा ७७०८ मरायच्या आतच काढायचा.