चाळीसगावच्या अंगणात टांगाईलची उडी

धुळ्याहून सकाळची मेमू धरून चाळीसगाव गाठलं आणि तिथून एसटीने पाटणादेवीच्या वाटेवरचं एक गाव. प्रवास एवढाच. तारीख मात्र मुद्दाम धरली होती, 11 डिसेंबर. 1971 च्या बांगलादेश युद्धात याच दिवशी दिवस कलताना 2 पॅरा या भारतीय छत्रीधारी पलटणीचे सुमारे 700 जवान ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ छत्रीने (पॅराशूटने) उतरले. त्यांतले एक आबा आज या गावात कापूस पिकवतात.

“कथाईन उनात?” (कुठून आलात?) असं अहिराणीत विचारत त्यांनी अंगणात बाज टाकली. मी नकाशा पसरला. त्यावर सगळं सरळ दिसतं: टांगाईलजवळचा पुंगलीचा पूल धरला की जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याला माघारी निघालेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट बंद. आबांनी नकाशा घडी करून बाजूला ठेवला आणि उठले.

कपडे वाळत घालायच्या तारेला त्यांनी बादलीच्या दोराचा आकडा अडकवला, दुसरं टोक माझ्या पाठीला लावलं. विमानात अशीच तार असते. दारातून बाहेर पडलं की दोर ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते, हाताने काही ओढायचं नसतं. ती नाहीच उघडली तर छातीवरची दुसरी. मग मला ओट्यावर उभं केलं. पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकवलेले, हनुवटी छातीला. “खाले दखानं नही, समोर दखानं.” पाय फाकले तर घोटा गेलाच म्हणे. आग्र्याला अशा 5 उड्या झाल्या, शेवटची रात्रीची, तेव्हा विंग्ज, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला, मिळाले.

टांगाईलला सामान शेतांत, तळ्यांत विखुरलं. ते काढून द्यायला बंगाली गावकरी धावले. रात्रीपर्यंत पूल ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला उत्तरेकडून 1 मराठा लाइट इन्फन्ट्री येऊन मिळाली. 2 पॅरा म्हणजे मूळची मराठ्यांचीच 3 री पलटण. परक्या मुलखात समोरून मराठी ऐकू आलं, हे सांगताना आबांचा आवाज बसला. त्यांचे कमांडिंग ऑफिसर कर्नल पन्नू यांना पुढे महावीरचक्र मिळालं. परदेशी पेपरांनी उतरलेल्यांचा आकडा 5000 छापला होता. ढाक्यात त्या बातमीची जी धास्ती बसली, ती मला पुलाइतकीच मोलाची वाटते.

अशा कुणा माजी सैनिकाकडे जाणार असाल तर आधी घरच्यांना फोन करा आणि दुपारच्या जेवणानंतर जा. सकाळी सगळं घर कापूस वेचायला शेतात असतं. मेमूची वेळ आदल्या दिवशी बघा, आणि गावात उतरल्या उतरल्या परतीची शेवटची एसटी विचारून घ्या. भरीत आणि कळण्याची भाकरी पुढ्यात आली की वेळेचं भान राहत नाही. स्वेटर हवाच, दिवस बुडाला की थंडी झोंबते. पाटणादेवी त्याच दिवशी उरकू नका, तिला वेगळा दिवस द्या. रेकॉर्डिंग विचारूनच करा. “किती मारले?” हा प्रश्न तर अजिबात नको. उडीबद्दल, छत्रीबद्दल, पाठीवरच्या ओझ्याबद्दल विचारा, बाकीचं त्यांना वाटलं तर ते आपणहून सांगतात.

पुंगलीचा पूल आज कसा दिसतो, त्याचा फोटो आबांना हवा आहे. तिकडे कुणी जाणार असेल तर तेवढा काढून आणा, मी चाळीसगावला पोचवतो.