साडीखालची वही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईच्या आजाराचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या लक्षात नेमकं कधी आलं?" माझं उत्तर ठरलेलं असायचं: "वेळ आली तेव्हा देवानेच दाखवलं." विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, माझंही. पण ते उत्तर अर्धंच खरं आहे.

वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. आईच्या कपाटात मी त्यांचे पेन्शनचे कागद शोधत होते. एक जुनी वही हाताला लागली आणि तिचं शेवटचं पान उघडलं. पानभर आईची सही होती, एकाखाली एक, सतरा वेळा. हो, मी मोजल्या. वरच्या चार-पाच ठीक होत्या. मग एकीत एक अक्षर गळलेलं. एकीत आडनाव माहेरचं, ते खोडून पुन्हा सासरचं. अगदी खालची जवळजवळ बरोबर आली होती आणि तिच्याभोवती पेनाने चौकट केली होती. माझी आई स्वतःच्या सहीचा सराव करत होती.

मी वही मिटली, होती तिथे ठेवली आणि वर एक साडी ठेवली. मग हाक मारून विचारलं, "आई, बाबांचे कागद कुठे आहेत गं?" ती म्हणाली, "कुठले कागद?"

म्हणजे कळलं त्या दिवशीच.

पुढे काय केलं, तर काहीच नाही. दुःखाने असं होतं म्हटलं, वय झालं म्हटलं. ती एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागली की "हो का?" म्हणून पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचे. याला मी माया समजत होते. आणि रोज न चुकता हात जोडून म्हणायचे, "देवा, जे खरं असेल ते तुझ्या वेळेने दाखव." त्याने दाखवलेलं मी साडीखाली घालून ठेवलं होतं.

डॉक्टरांकडे गेलो ते चौदा महिन्यांनी. तेही मी नेलं म्हणून नाही, आई घराकडे यायची वाट चुकली म्हणून. डॉक्टरांनी तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग कोऱ्या कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. चाचणी दिसायला पोरखेळ वाटते. पण "दहा" ऐकल्यावर मोठा काटा दोनवर न्यायचा असतो, आणि हे मनातल्या मनात बदलून घेणं मेंदूला झेपेनासं झालं की तो सरळ दहाच्या आकड्यावर जातो. आईने एक काटा अकरावर नेला, दुसरा दहावर, आणि शाळेतल्या मुलीसारखं माझ्याकडे पाहिलं.

मग रक्त तपासायला दिलं. बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल तरी विसरभोळेपणा येतो, आणि त्यावर उपचार असतात. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस भीतीपेक्षा शरमेचे गेले. तसलं काही निघालं असतं, तर चौदा महिने मी तिला साध्या औषधावाचून ठेवलं असतं. निघालं नाही. पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टर अल्झायमर म्हणाले, आणि आपल्या उशिराने तेवढं तरी बिघडलं नाही म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. माणूस किती हिशेबी असतो बघा.

देवाच्या वेळेवर माझा विश्वास आजही आहे. पण मी आता वाटणी करते. वडील गेल्यानंतरच्या त्या दिवसांत हे पूर्ण कळलं असतं तर मी उभी राहिले नसते. ते पहिले काही आठवडे मी त्याच्या खात्यावर टाकते. उरलेले तेरा महिने माझे.

या बाबतीत मला कुंती फार आठवते. कर्ण आपला मुलगा, हे तिने धर्मराजाला सांगितलं ते युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी. सत्य तेच, पण आता पाणी देण्यापलीकडे त्याचं काय करणार? कर्णाला मात्र कृष्णाने ते युद्धाच्या आधी सांगितलं होतं, निवड अजून त्याच्या हातात असताना. त्याने दुर्योधनाची बाजू सोडली नाही, पण न सोडणं त्याने स्वतः ठरवलं. आता कर्णाच्याच विनंतीवरून कृष्णही पांडवांपाशी गप्प राहिला, हे मला अजून पचत नाही, आणि कीर्तनात ऐकलं म्हणून पचेल असंही वाटत नाही. पण टाळाटाळ कोणती आणि थांबणं कोणतं, हे मी तेव्हापासून यावरच ओळखते: कळल्यावर समोरच्याला काही करता येईल का अजून?

आईला सांगायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाला, "कशाला तिला त्रास?" मी पुन्हा तीच साडी टाकायला निघाले होते. शेवटी डॉक्टरांनीच तिला सांगितलं, सावकाश, तिचा हात धरून. ती ऐकून म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुला कसं सांगावं तेच समजत नव्हतं."

तिला अजून पुष्कळ समजत होतं. घर कोणाला, दागिने कोणाला, पुढे आजार वाढला की कोणाच्या घरी राहायचं, सगळं तिने एका दुपारी सांगितलं, मध्ये दोनदा थांबून. महिन्याभराने कागद तयार होऊन आले. मी पेन तिच्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्या कागदावर तिने सही केली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. अक्षर न् अक्षर बरोबर.

"सराव केलाय," ती म्हणाली.