खुडूक नव्हती ती

आषाढ चालू होता. पाटण खोऱ्यातल्या त्या वाडीवर आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. सकाळी जनावरांच्या दवाखान्यात निघायच्या गडबडीत असताना एका आजींचा फोन आला. "बाई, तांबडी कोंबडी खुडूक झालीया. दोन दीस झालं, हालंना."

"खुडूक असेल तर उठेल आपली आपण," असं म्हणून मी फोन ठेवला. खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं एका जागी बसून राहिलेली कोंबडी. कोंबडी कुठल्या जातीची, एवढं एक वाक्यसुद्धा विचारलं नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय.

दुपारी त्याच वाडीवर एका म्हशीची कास दुखत होती म्हणून जाणं झालं. आजी रस्त्यावरच उभ्या. घरात नेऊन त्यांनी डालगं उचललं आणि आत जे दिसलं त्यानं माझ्या पोटात गोळा आला. कोंबडी चिंब भिजलेली, नाकात आडवं पीस खुपसलेलं. खुडूक मोडायला आमच्याकडे हेच करतात: नाकात पीस आणि गार पाण्यात बुचकळणं. आजींनी सकाळपासून दोनदा बुचकळून काढलं होतं. त्यांचा दोष नव्हता, मीच होकार दिल्यासारखं झालं होतं.

ती वनराज होती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. गावठीपेक्षा अंडी जास्त देते, पण खुडूक सहसा बसत नाही. आणि खुडूक कोंबडी अंगावर येते. हात घातला की पिसं फुलवते, गुरगुरते, बोटाला टोचते. ही मान आखडून, डोळे अर्धे मिटून, शेपटी खाली टाकून उभी होती. मध्येच कुंथायची, शेपटी वरखाली व्हायची आणि पुन्हा गप्प. मी हात लावला तरी टोचली नाही.

मागच्या हाडांच्या मधे हलकेच चाचपलं. अंडं हाताला लागलं. अडलेलं.

"आजी, गाय अडते तशी ही अडलीय," म्हटल्यावर त्या मटकन खालीच बसल्या. "म्हंजी मी गार पाणी..." पुढं बोलवेना त्यांना.

नाकातलं पीस आधी काढलं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, लहान पोराला अंघोळ घालतो तेवढं. कोंबडी पोटापर्यंत पाण्यात धरून आम्ही दोघी बसलो, आजींनी पंख धरले, मी खालून आधार दिला. पहिली पाचेक मिनिटं ती धडपडली, मग अंग सैल सोडलं. पाणी निवलं की आजींची सून चुलीवरचं आणून ओतायची. वीस-पंचवीस मिनिटं अशी गेली. मग कोरडं करून मागच्या जागेला तेल लावलं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन पातळ करून कातडीखाली दिलं. आजींना वाटत होतं की मी पोट दाबून अंडं बाहेर काढावं. तसं कधीही करू नये. आत अंडं फुटलं तर कवचाचे तुकडे नळी कापतात, पोटात घाण होते आणि कोंबडी हातची जाते.

गरम वीट पोत्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवली, डालगं झाकलं आणि मी म्हशीकडे गेले.

मधल्या वेळात सुनेला विचारलं, खायला काय घालता? तांदळाच्या कण्या आणि कोंडा. बाहेर सोडायच्या, पण पावसामुळं आठ दिवस कोंडलेल्या. सगळं तिथंच उलगडलं. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कवच चढायला वीसेक तास लागतात. कण्यांत ते नसल्यातच जमा. ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्वही कमी, म्हणजे खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. त्यामुळं कवचही पातळ आणि जोरही नाही. पंधरा दिवसांमागं एक कोंबडी अशीच 'बसून बसून गेली', हे सुनेनं तेव्हा सांगितलं.

दोन-एक तासांनी आत खुडखुड ऐकू आली. डालगं उचललं तर पोत्यावर अंडं होतं. रक्ताची एक रेघ, टोकाला चुन्याच्या दाण्यांसारखा खरखरीतपणा, मधे सुरकुती. अंगठ्यानं जरा दाबलं तर कवच आत गेलं. कोंबडी भांड्यात चोच बुडवून पाणी पीत होती.

मी शिंपल्याचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवायला सांगितलं, म्हणजे अंड्यावरची कोंबडी हवा तेवढा खाते आणि पिल्लांच्या दाण्यात तो मिसळत नाही. भरडा मिळेपर्यंत अंड्यांची टरफलं भाजून, चुरून. आणि चार दिवस तिला अंधारात निवांत ठेवायला.

निघताना आजींनी बाजेखाली बोट दाखवलं. "बाई, ही गावठी बी दोन दिसांपासनं बसलीया. हिचं बगा की."

मी वाकून हात घातला. पिसं फुलवून तिनं करकचून टोचलं, बोटातनं रक्त आलं.

"ही खुडूक आहे, आजी."

"मग हिला बुचकळायचं न्हाई?"

"नको. कोंबडा आहे ना तुमच्याकडं? दहा अंडी घाला तिच्याखाली."

आजी उठून मडक्यातली अंडी एकेक करून उजेडात बघायला लागल्या.