माझा आपणांवर पूर्ण विश्वास आहे

हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. तरी ते माझ्या नावावर आहे, त्याखाली माझी सही आहे, आणि जवळजवळ तीन वर्षं मी त्याच्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अख्खं वाक्य असं : ‘माझा आपणांवर पूर्ण विश्वास असून मला राजपत्रित अधिकारी अगर मॅजिस्ट्रेट यांची आवश्यकता नाही, आपणच माझी अंगझडती घ्यावी.’

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. गांजा माझाच होता. प्लास्टिकची एक पुडी, जीन्सच्या उजव्या खिशात. कुणी माझ्या खिशात घातली नव्हती, कुणी मला अडकवलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२१, रात्री साडेदहाचा सुमार. मित्र गाडी चालवत होता, मी मागे. पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी. लायसन बघितलं, पीयूसी बघितली, मग टॉर्च माझ्या तोंडावर आला. “डोळे का रे लाल?” मी काही बोलायच्या आत एक हात माझ्या खिशात गेलाही होता. विचारणं नाही, सांगणं नाही. पुडी बाहेर आली तेव्हा मित्राने माझ्याकडे जसं बघितलं, ते मला पुढच्या सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लागलं. त्याला माहीतच नव्हतं.

ते दिवसही असे होते की टीव्ही लावला की हाच विषय. मुंबईच्या क्रूझवरच्या ड्रग्ज प्रकरणावरून पंच, म्हणजे झडतीचा साक्षीदार, म्हणजे कोण, त्याने सही कुठे करायची असते, यावर घराघरांत चर्चा चालल्या होत्या. हैदराबादेत पोलीस रस्त्यात लोकांचे मोबाईल घेऊन चॅटमध्ये ‘गांजा’ शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ ऑक्टोबरातच फिरले होते. मी ते पाहिले होते, त्यावर तावातावाने बोललोही होतो. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा “पॅटर्न टाक” म्हटल्याबरोबर मी निमूटपणे पॅटर्न टाकला. माहिती असणं आणि पुलाच्या तोंडाशी रात्री ती आठवणं, यात फार अंतर असतं.

ठाण्यात नेल्यावर तासभर काहीच झालं नाही. मग एकजण शेजारी येऊन बसला आणि अगदी घरच्यासारखं विचारू लागला. वडील काय करतात, घर स्वतःचं आहे का, बहिणीचं लग्न ठरलंय का. “कागद झाले नाहीत अजून. मिटवायचं तर आत्ताच. नाहीतर घराची झडती घ्यावी लागेल, शेजारीपाजारी बघतील.” माझ्या खिशात चारशे रुपये होते, त्यामुळे माझ्या तत्त्वांची परीक्षा झालीच नाही. मी गप्प बसलो तेव्हा एक कानाखाली बसली. एकच. सांगण्यासारखं त्यात काही नाही, पण सांगितलं नाही तर हिशेब पुरा होत नाही.

दुसरा एक हवालदार होता, निवृत्तीला आलेला. त्याने पाणी आणून दिलं आणि आईला फोन लावू दिला. फोन ठेवताना हळूच म्हणाला, “माल कुठून आणला हे विचारतील. जास्त शहाणपणा करून काही लिहून देऊ नकोस.” पोलिसांवरचा माझा राग सरसकट होत नाही, तो या एका माणसामुळे.

रात्री एकच्या पुढे कागद आले. पंचनामा, अटकेचा कागद आणि छापील मजकुराची दोन पत्रं, ज्यांत फक्त नाव आणि वेळ भरायची होती. वेळेची जागा कोरी. दोन पंच होते, त्यांतल्या एकाला मी पुलावर पाहिलंच नव्हतं, तो ठाण्यातच भेटला. मी न वाचता सह्या केल्या. आता लोक विचारतात, वाचलं का नाहीस? रात्री एक वाजता, पट्टा काढून घेतलेला, पॅण्ट एका हाताने धरून उभं राहून वाचून बघा कधी.

दुसऱ्या दिवशी आधी मेडिकल. डॉक्टरांनी विचारलं, मारहाण झाली का? हवालदार दारात उभा. नाही म्हणालो. मग कोर्ट. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? माझं कोपर ज्याच्या हातात होतं तो तिथेच. पुन्हा नाही. दोन्ही प्रश्न विचारणारे नियमाप्रमाणेच विचारत होते, त्यांचा काही दोष नाही. पण सुटलो तरी हजेरीला त्याच ठाण्यात जायचं आहे, एवढं गणित मलाही करता येत होतं.

काकांनी वकील गाठल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, आवाज बारीक, बोलणं एकदम रोखठोक. पोलिसांनी दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला, माल देणारा शोधायचाय म्हणून. कोर्टाने दिला नाही, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, केला, आणि त्याच दिवशी जामिनाचा अर्ज चालला. बाईंनी मागाहून समजावलं, ‘थोडं प्रमाण’ असलं की जामीन आपोआप मिळतो ही समजूत काढून टाक. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र. मिळतो, पण अर्ज करून, कोर्टातून. पंधरा हजार रोख भरून सुटलो. दर सोमवारी ११ ते १ हजेरी.

घरी काय झालं ते लिहीत नाही. अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आई प्रत्येक वेळी धुण्याआधी माझे खिसे तपासू लागली. कायद्याने तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

खरी गोष्ट सुरू झाली ती बाईंच्या ऑफिसात, पंचनाम्याची नक्कल हातात आल्यावर. त्यांनी पेन्सिल घेऊन वाचायला सुरुवात केली आणि त्या वाक्यापाशी थांबल्या.

“हे तू बोललास?”

“नाही मॅडम.”

“तेच म्हटलं. ‘आपणांवर’ म्हणणारा मुलगा मी वीस वर्षांत पाहिला नाही. माझ्या सगळ्या आरोपींचा पोलिसांवर पूर्ण विश्वास असतो, आणि सगळे हेच शब्द वापरतात.”

मग त्यांनी याच कायद्याचं कलम ५० उलगडून सांगितलं. अंगझडती घ्यायची असेल तर पोलिसांनी आधी सांगायला हवं, की तुला हवं असेल तर जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेऊ, हा तुझा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात हे सांगणं बंधनकारक ठरवलं. २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा प्रकरणात पुन्हा घटनापीठानेच सांगितलं, की इथे ‘साधारण पालन’ चालणार नाही, काटेकोर हवं. २०१४ च्या परमानंद प्रकरणात दोन आरोपींना मिळून एकच सूचना देणं चुकीचं ठरलं. शिवाय ‘किंवा आम्हीच घेऊ’ असा तिसरा पर्याय पोलिसांनी पुढे करायचा नाही, हेही. माझ्या छापील पत्रात मित्राचं आणि माझं नाव एकाखाली एक होतं, आणि तिसरा पर्याय ठळक अक्षरांत.

“पुडी खिशात होती ना? सॅकमध्ये नव्हती?” बाईंनी दोनदा विचारलं. मला कळेना, काय फरक पडतो. फरक असा, की कलम ५० अंगाच्या झडतीला लागू आहे, बॅगेच्या नाही. २००५ च्या पवन कुमार निकालापासून ते ठरलेलं आहे. तोच गांजा, तोच माणूस, तोच पोलीस. पण सॅकच्या कप्प्यात असता तर माझ्या बचावाचा हा दरवाजाच बंद होता. त्या दिवशी सॅकची चेन तुटली होती म्हणून मी खिशात ठेवला. लोक म्हणतात कायदा आंधळा असतो. माझ्या बाबतीत तो चेनवर लटकत होता.

या कायद्यात एक उलटा मामलाही आहे. माल जवळ सापडल्याचं सिद्ध झालं, की तो तुला ठाऊक होता असं कोर्ट धरून चालतं. नव्हता, हे आरोपीने दाखवायचं. म्हणजे भांडायचं ते ‘सापडला’ या शब्दाशी. कुणी काढला, कधी, कुणासमोर, कुठे तोलला, सील कसलं. म्हणून हे सगळे कागद.

गांजाचं थोडं प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. वीस किलोच्या वर व्यापारी, तिथे जामिनाची वाटच अरुंद होते. त्यामुळे मी अगदी तळातला आरोपी. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपपत्र यायला दहा महिने लागले, कारण लॅबचा सीए, म्हणजे रासायनिक तपासणीचा, रिपोर्ट आला नव्हता. मित्राच्या भावाची गाडी तोवर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याच्या हमीवर, सुटली, पण एका पावसाळ्यात सायलेन्सर गंजून गेला होता. माझा फोन परत मिळाला तेव्हा मी दुसरा घेऊन वर्ष होत आलं होतं. मित्रावर काही निघालं नाही, त्याचं नाव आरोपपत्रातून गळलं. त्याने पुन्हा फोन केला नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

पहिल्याच तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तोच घरच्यासारखा बोलणारा भेटला. “कबूल कर ना. पाच हजार दंड होईल, संध्याकाळपर्यंत मोकळा.” खोटं बोलत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर दोघांनी कबूल केलं, दंड भरला आणि चहाला गेले. मलाही मोह झाला. गुन्हा केला होता, कबूल करणं खरंही होतं आणि स्वस्तही. बाई म्हणाल्या, “कर, तुझा निर्णय. फक्त एवढं लक्षात ठेव, दंड आज भरशील, पण दोषी ठरल्याची नोंद राहील. नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर, पासपोर्टवर, व्हिसावर. पाच हजारांत सुटला म्हणून कुणी विचारणार नाही, काय केलं होतंस तेवढं विचारतील.” कोर्टाने गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवल्यावर मी म्हणालो, गुन्हा कबूल नाही.

दर तारखेचे दोन हजार धरले तर दंड कितीतरी स्वस्त पडला असता. कधी साक्षीदार गैरहजर, कधी मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर, कधी वकिलांचा बहिष्कार. पंच आला तेव्हा २०२३ संपत आलं होतं. हा तोच, ज्याला मी पुलावर पाहिलं नव्हतं. बाईंनी विचारलं, यापूर्वी किती गुन्ह्यांत पंच होतात? “आठवत नाही.” दहा? “आठवत नाही.” दहापेक्षा जास्त? “असतील.” वजनकाटा कुठला? म्हणाला, साहेबांच्या गाडीत होता. पुढच्या महिन्यात ते पोलीससाहेब साक्षीच्या पिंजऱ्यात आले आणि म्हणाले, काटा ठाण्यातून मागवला. पंचनाम्यात वजन चौदा ग्रॅम, लॅबच्या कागदावर अकरा. तीन ग्रॅम कुठे गेले, यावर साहेब म्हणाले, “वाळला असेल.” कोर्टात हसू आलं, मलाही. खरं तर शक्य आहे ते, ओला माल वाळतो. पण ते त्यांनी दाखवायला हवं होतं, नुसतं म्हणून भागत नाही.

मग माझी पाळी. आरोपीचा जबाब शपथेवर नसतो, गप्प बसलं तरी चालतं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, तुमच्या खिशात गांजा सापडला असं साक्षीदार सांगतात, काय म्हणायचंय?

मी म्हणालो, खोटं आहे.

ते मी का म्हणालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. गप्प बसता आलं असतं. माझ्या तोंडी त्यांनी एक वाक्य घातलं होतं, मी त्यांच्या एका खऱ्या वाक्याला खोटं म्हटलं. बाहेर आल्यावर बाई काही बोलल्या नाहीत, फक्त फाईल बांधताना नाडीची गाठ जरा जास्तच आवळली, असं मला वाटलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल लागला. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. कलम ५० चं पालन सिद्ध झालं नाही, वजनाचा मेळ लागला नाही, पंच विश्वासार्ह वाटला नाही. गांजा माझा होता की नव्हता, यावर अकरा पानांत एक ओळ नाही. अप्पांनी निकालाची नक्कल चष्मा लावून पूर्ण वाचली आणि कपाटात, विम्याच्या कागदांखाली ठेवली. म्हणाले, “बरं झालं.” माझ्याकडे बघून नाही, कपाटाकडे बघून.

एव्हाना फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली होती. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्ती चित्रित करणं, शक्यतो मोबाईलवर, बंधनकारक आहे. बाईंनी मला ते पाठच करायला लावलं, नुसतं विचारायचं, “साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे का?” छापील वाक्यं तोंडी घालायची सोय त्यामुळे कमी होईल, असं त्यांना वाटतं. मला अजून तेवढं वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक नाकाबंदी. टॉर्च तोंडावर, “बॅग दाखव.” प्रश्न जिभेवर तयार होता. मी काही न विचारता सॅकची चेन ओढली. आत डबा होता आणि ओली छत्री.